पुसदची नेमणूक

दारव्ह्याच्या स्टेशनावर छोटी गाडी सुटायच्या बेतात होती आणि माझी आई, आम्ही तिला याडी म्हणतो, खिडकीचा गज धरून उभी होती. तिचा आरशांचा घागरा आणि हातभर बांगड्या लोक वळून वळून बघत होते. तिचं लक्षही नव्हतं.

"रडू नको जमुना," ती म्हणाली. "माह्या सुनेवानी दुसरी कोणी मरू नये म्हणून पाठवून राह्यली मी तुले. शिक अन् वापस ये."

माझी भावजय बाळंतपणात गेली होती. बैलगाडी पुसदच्या दवाखान्यापर्यंत पोचलीच नाही. ते दुःख घरात ताजं असतानाच बानं नागपूरच्या नर्सिंग ट्रेनिंगचा अर्ज आणून दिला. आमचा विदर्भ नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला होता. शिकलेल्या मुली हव्या आहेत, असं जो तो म्हणत होता.

नागपूरच्या होस्टेलवर मला कमल भेटली. पुसदजवळच्या कास्तकाराची मुलगी. माझ्या मराठीत आमची बंजाऱ्यांची गोरबोली मिसळली की बाकीच्या हसायच्या, ती नाही. दोघींनी ठरवून टाकलं होतं की पुसदच्या दवाखान्यात नेमणूक मागायची. याडी तांड्यावरच्या बायांना आधीच सांगत सुटली होती, "आता आपली जमुना येते."

तिसऱ्या वर्षी आमची ड्युटी बाळंतिणींच्या वॉर्डात लागली. बाळ जन्मलं की त्याच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा पातळ थेंब घालायचा, अशी तेव्हा पद्धत होती. त्याच औषधाचं जहाल द्रावण नाळेच्या चिघळलेल्या जखमेला लावायचं. दोन्ही तपकिरी बाटल्यांत, एकाच फळीवर. धुऊन धुऊन लेबलं पांढरी पडलेली. एका सकाळी कोणीतरी जहाल बाटली पातळ औषधाच्या जागी ठेवली आणि कमलनं रोजच्यासारखा हात घातला.

बाळ ज्या आवाजात रडलं, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. कमलनंच ओरडून डॉक्टरांना बोलावलं, डोळे धुतले. एक डोळा वाचला. दुसऱ्यावर पांढरा पडदा आला.

मेट्रननं सगळ्यांना ओळीनं उभं केलं. प्रश्न एकच होता, हात कोणाचा होता? कमल पुढं झाली. तिला दुपारपर्यंत होस्टेल सोडायला सांगितलं.

मला राहवलं नाही. "बाई, दोन्ही बाटल्या सारख्याच हायेत," मी म्हणाले. "आज कमल होती. उद्या माहाबी हात त्याच बाटलीवर पडंल. फळी तर बदला."

"तू इथं शिकायला आली का शिकवायला?" मेट्रननं विचारलं.

कमल गेली. फळी तशीच राहिली. त्या दिवसापासून मुली बाटली दोनदोनदा वास घेऊन उचलायच्या, पण काही चुकलं तर बोलायच्या नाहीत. कमलचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

परीक्षा झाली. मी पुसद मागितलं आणि ऑर्डर आली कोकणातली. तू बोललीस म्हणून, असं मला कोणी सांगितलं नाही. पण पुसदची जागा रिकामीच होती आणि पुढंही कितीतरी दिवस रिकामी राहिली.

रजेवर घरी गेले तेव्हा याडीला सांगितलं.

"खरं बोलली म्हणून काढलं काय?"

"काढलं नाही. दूर टाकलं."

तिनं चुलीत लाकूड सारलं. "बोलली ते बरं केलं," म्हणाली. "पन आता आपल्या बाया कोणाले हाका मारतीन?"

 

कोकणात ज्वारीच्या भाकरीऐवजी भात आला. मी 'काहून' म्हटलं की पेशंट हसायचे. हळूहळू माझ्याही तोंडी 'कशाला' बसलं. वॉर्ड माझ्याकडं आला तेव्हा पहिल्याच दिवशी जहाल औषध वेगळ्या कपाटात कुलपात ठेवलं. नव्या मुलींना सांगितलं, "चुकलात तर आधी माझ्याकडे या. मी ओरडणार नाही."

त्यांचा विश्वास बसायला वेळ लागला. मग एका दुपारी मालती नावाची पोर पांढरीफटक होऊन आली. "सिस्टर, मी इंजेक्शन भलत्याच बाईला दिलं." तिनं लगेच सांगितलं म्हणून डॉक्टर वेळेवर आले आणि ती बाई वाचली. संध्याकाळी आम्ही सगळ्याजणी त्या कॉटपाशी उभ्या राहिलो. सखू नावाच्या दोन बाया शेजारीशेजारी होत्या. तेव्हापासून नुसत्या नावावर सुई द्यायची नाही, बाईला तिच्या नवऱ्याचं, गावाचं नाव विचारायचं, असं ठरलं. मालती दुसऱ्या दिवशी कामावर आली. मला कमल आठवली आणि मी स्टोअरमध्ये जाऊन रडले.

कमल पुढं पुसदच्या बाजारात भेटली. कडेवर मूल होतं. तिनं माझी खुशाली विचारली नाही. "तिथं त्या बाटल्या अजून तशाच ठेवतात काय वं?"

माझ्या मागून शिकलेल्या एका मुलीनं मला सांगितलं होतं. "तशाच," मी म्हणाले.

तिनं मुलाच्या तोंडावरून हात फिरवला आणि भाजीच्या ढिगाकडं वळली.

कोकणात आता मला आपलं म्हणणारी माणसं आहेत. तरी दरवर्षी रजा घेऊन तांड्यावर येते. आल्याची खबर लागली की पोटुशा बाया याडीच्या दारात येऊन बसतात. कोणाचे पाय सुजलेले, कोणाचं मूल आडवं. मी तपासते, सांगते, जिला पुसदला न्यायला हवं तिला गाडीत बसवते. घर म्हणजे आता माझ्यासाठी ते दार आहे, आणि माझी रजा संपते तेव्हाही ते भरलेलंच असतं.

मागच्या खेपेला निघताना एका बाईनं विचारलं, "माहे दिवस पुढच्या महिन्यात भरतेत. तवा तू राह्यशीन ना?"

याडीच पुढं झाली. माझी पिशवी उचलत तिला म्हणाली, "नाही वं. जमुना तिकडची हाय आता."