थुंकून केलेली चढाई

मी खर्रा खात होती, तंबाखू-सुपारी घोटलेला. हो, पोरगी असून. कचेरीत बाबू असलेल्या माणसाची, दोन वेण्या घालून दारव्ह्यात फिरणारी पोरगी. कोणाले तोंड वाकडं करायचं असन तर खुशाल करा. आमच्या मुलांच्या कबड्डी संघात एकाचाही गाल रिकामा नसायचा. त्यायले कोणी इचारलं का, पोरगा असून काहून खातो म्हणून?

मी चढाई करत होती. आदल्या वर्षी समोरच्या संघातल्या एकीनं माहा घोटा असा पिरगाळला होता का कितीतरी दिवस पायात चप्पल जात नव्हती. तवापासून मध्यरेषा ओलांडायचं भेव बसलं. मग एका मैत्रिणीनं खर्रा देला. डोकं गरगरलं, पण भेव दबलं. हळूहळू मले वाटायले लागलं का गालात खर्रा असला तरच मी खेळाडू, नाहीतर काहीच नाही.

जिल्ह्याच्या संघाची निवड आमच्याच गावात होती. कापसाची पार वाट लागलेली, म्हणून सरकी काढायच्या एका बंद जिनिंगचं आवार मोकळंच होतं. तिथं मैदान आखलं. पहिल्याच चढाईत पंचानं शिट्टी मारली. ‘कबड्डी’चा उच्चार स्पष्ट नाही म्हणे! चढाई गेली, वरून समोरच्यायले गुण. बरोबरच होतं. कबड्डी म्हणायले जीभ पायजे, अन् माही जीभ सुपारी सांभाळून राह्यली होती.

आमचे सर धावत आले. "तोंडात काय आहे वं तुह्या?" दोरीपलीकडची माणसं फिदीफिदी हसली. बाबाही तिथंच उभे होते. त्यायनं मान खाली घातली.

"थुक. नाहीतर बाहेर बस. निवड इसर."

मी थुंकली. सगळ्यायच्या देखत. चूळ भरली अन् म्हटलं, "थुंकली. आता मुलांच्या संघालेही थुंकायले लावा."

सर लालेलाल. पण संघात चढाई करणारी मीच होती, मले काढतात कुठं! पुढच्या चढाईले गेली मी. समोरच्यायची कोपऱ्यातली पोरगी माह्या घोट्याकडंच पाहत होती. घसा ताणून "कबड्डी, कबड्डी" सुरू केलं. तिनं पाय धरलाच. तोच पाय! मी अशी भेली का काय सांगू. पण दम सोडला नाही. तिच्यासकट फरफटत गेली अन् मध्यरेषेवर हात आपटला.

सर हसत आले. "पाह्य, खर्रा थुंकला म्हणून जमलं."

अस्सा राग आला! आधी माही हिंमत खर्ऱ्याची, आता थुंकण्याची. मंग माही कधी?

"सर, भेव जसंच्या तसं होतं," मी म्हटलं. "तरी मी गेलती. थुंकणं कायले मधात आणता? मी गेलती म्हणा."

मी तिथून हलली नाही. सारा संघ पाहून राह्यला होता.

"गेलती," शेवटी ते म्हणाले.