बेपत्ता भानुदास

बीडच्या आमच्या लॉ कॉलेजात पुस्तकं कमी अन् किस्से लई! निम्मे तर मोफत कायदा सल्ला केंद्रातले. शेवटच्या वर्षाला तिथं बसावंच लागतं, त्याचे मार्क असतेत. बाकीचे किस्से चहावर. हे मात्र एकाच केसचे, अन् सांगताना आजबी अंगावर काटा येतो.

*

चौसाळ्याकडच्या सखूमावशी आल्या. नवरा भानुदास मेंढरं घेऊन गेला, तो नऊ वर्षं परतलाच नव्हता. इकडं दीर जमीन विकायला निघालेला. सात वर्षं खबर नसली की कोर्ट माणूस मेला असं धरू शकतं, मग जमीन मावशींच्या नावावर व्हायची वाट मोकळी. माझा दोस्त ज्ञानोबा अर्ज लिहायला बसला.

"मावशी, मयत लिहू ना?"

"लिवा बाबा. पण मोठ्यानं वाचू नका, ते ऐकतेत!"

*

मावशींच्या घरावर भानुदासच्या नावाची कोर्टाची नोटीस डकवायला गेलो. ज्ञानोबाला लई मस्ती! कोर्टाच्या शिपायागत तीनदा ओरडला, "भानुदास हाजिर हो!"

अंगणातली सगळी मेंढरं उठली, अन् वाटंकडं तोंड करून उभी राहिली.

"मालकाचं नाव वळखतेत," मी म्हणालो.

"कशी वळखतील?" मावशी म्हणाल्या. "ही समदी त्ये गेल्यावर जन्मलेली."

ज्ञानोबानं बीडपर्यंत एकदाबी मागं वळून बघितलं नाही. एवढा घाबरलेला तो फक्त तोंडी परीक्षेत असतो.

*

कॉलेजात साक्षीची तालीम ठेवली. केंद्र बघणाऱ्या मॅडम झाल्या न्यायाधीश.

"नवऱ्याला शेवटचं कधी पाहिलं?"

"काल तिन्हीसांजेला. पाणी प्यायला येतेत. बोलत न्हाईत."

मॅडमचा पेनच पडला!

"आवो मावशी, कोर्टात असं बोललात तर जमीन गेली!" ज्ञानोबा रडकुंडीला आला.

"मग शपथ घिऊन खोटं बोलू?"

आम्ही आठ होणारे वकील. लाजंनं आठी जणांनी वह्या मिटल्या.

*

तारखेला मावशींची केस चालवणाऱ्या वकीलसाहेबांच्या मागं जीव मुठीत धरून बसलो.

न्यायाधीशांनी विचारलं, "इतक्या वर्षांत नवऱ्याची काही खबर?"

"न्हाई साहेब."

आमचा जीव भांड्यात पडला!

"नक्की ना?"

"नक्की. नऊ वर्सांनी काल पयल्यांदा बोलले त्ये. म्हणले, न्हाई म्हून सांग."

न्यायाधीशांनी मावशींकडं बघितलं, मग मावशी बघत होत्या त्या दाराकडं. मग टायपिस्टला म्हणाले, "'नाही', एवढंच लिहा."