शाल नको, वर्गणी द्या

'मस्त लिहिलं ताई' असा मेसेज कोणी पाठवला की शोभाताई त्याला थेट फोन लावायच्या. 'काय मस्त होतं गा त्यात? सांग बरं.' समोरचा त-त-प-प करायचा. बहुतेकांनी शीर्षकापलीकडे वाचलेलंच नसायचं.

आम्ही एकाच वर्तमानपत्रात होतो. नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एका कारखान्यात मशीनखाली कामगाराची बोटं गेली आणि जाहिरातदार दुखावेल म्हणून ती बातमी दाबली गेली. त्याच दिवशी ताईंनी नोकरी सोडली आणि स्वतःच्या वेबसाइटवर लिहू लागल्या. बेसातल्या घरून हिंगण्याला रोज स्कूटरवर, अगदी मे महिन्यातसुद्धा. शिफ्ट सुटली की गेटवर उभं राहून माणसांना बोलतं करायच्या. लोक तो मजकूर त्यांचं नाव कापून ग्रुपवर फिरवत. ही बाई पेट्रोल कुठल्या पैशांनी भरते, एवढंही कोणी विचारलं नाही. या गोष्टीची मला अजून चीड येते.

मग बेसातल्या एका मंडळानं त्यांचा सत्कार ठेवला. ऐन उन्हाळ्यात शाल, श्रीफळ आणि अध्यक्षांचं 'निःस्वार्थ सेवे'वर लांबलचक भाषण. ताई उठल्या, शाल काढून खुर्चीवर ठेवली.

'घरी शालीच शाली हायेत. नागपूरच्या उन्हात पांघरू का मी त्या? उद्यापासून माह्यं लिहिलेलं वाचायले महिन्याची वर्गणी लागन. दोन प्लेट तर्री-पोह्याची किंमत. नाही जमली, तर माह्यं हिंगण्याले जाणं बंद.'

अध्यक्ष हसले. 'ताई, सरस्वतीचा बाजार मांडता का?'

'तुमच्या पोराच्या ट्यूशनवाल्याले काहून पैसे देता मग? तो का लक्ष्मी शिकवून राहिला?'

टाळ्या कडकडून पडल्या. वर्गणी भरली मूठभरांनी. त्यातल्याच एका महाभागानं लेखाचे फोटो काढून ग्रुपवर टाकले, वर 'फुकटात वाचा' असं लिहून. खाली आभार मानणाऱ्यांची ही रांग! धन्य ते वाचक.

ताईंनी काही महिने रेटलं. मग एक दिवस म्हणाल्या, 'बस झालं गा. घर चालवू का याइले फुकट वाचायले देऊ?' साइट बंद केली आणि एका शिकवणी वर्गाच्या ऑफिसात नोकरी धरली. त्या रडल्या नाहीत. संतापानं रडलो तो मी.

परवा त्या अध्यक्षांचा मला फोन आला.

'हिंगण्यात त्याच कारखान्यात पुन्हा एकाचा हात गेला म्हणे. पेपरात एक ओळ नाही. ताईनं लिहिलं असन ना? मले पाठवून दे ना गा.'

'नाही लिहिलं!' मी ओरडलोच. 'आता कोणीच लिहून नाही राहिलं!'

मग अगदी मनापासून त्यांनी विचारलं, 'अरे! काहून बंद केलं पण त्यांनी?'