उचलली जीभ

आमच्या मामाला कारखान्यात सगळे 'चिकट' म्हणतात. पैशाला तो अजिबात चिकट नाही, उलट भोळा सांब आहे. नाव पडलं ते कामामुळे. तोंड आलं की गालाच्या आत लावायचा जेल तिथे तयार होतो. साधं मलम लाळेबरोबर थेट पोटात जातं, म्हणून औषध अशा जेलमध्ये कालवतात की तो ओल्या कातडीला धरून बसेल आणि औषध हळूहळू आत झिरपेल. तो किती धरतो हे मामा यंत्राने ओढून बघतो. लवकर सुटला तर नापास, सुटतच नसेल तरी नापास.

जेलचं हे असं. पण स्वतःच्या तोंडाचं काय? उचलली जीभ, लावली टाळ्याला! माझं पहिलं स्थळ त्याने घालवलं, मुलाच्या आईला 'टक्कल घराण्यातच आहे का?' असं विचारून. दुसऱ्या स्थळाला सांगितलं, पोरगी गुणाची आहे, फक्त रागावली की ताटं आपटते. खोटं नव्हतं हो, पण कुणी विचारलं होतं का?

तिसरा मुलगा मला मनापासून आवडला होता. एका ओळखीच्या घरी भेटलो तेव्हा त्याने हसवून हसवून माझं पोट दुखवलं होतं. त्याच्या घरचे येणार ठरल्यावर आईने मामाला बजावलं, एक शब्द बोललास तर बहिणीचं घर विसर.

मामा आला तो गप्पच. मी खोदून विचारलं तर खिशातून डबी काढली. वर लिहिलं होतं, 'नापास, सुटत नाही.' औषध न घातलेला नुसता जेल. ह्या माणसाने जीभ उचलून खरोखरच टाळ्याला लावली होती! मला हसावं की रडावं कळेना.

पाहुणे बसले. मुलाची आई काहीही विचारो, मामा गंभीरपणे मान हलवायचा. किती शांत माणूस, असं त्या म्हणाल्या आणि आईला ठसका लागला.

पण मुलगाही बोलेना. जमिनीकडे बघत मख्ख बसलेला. हा नाहीच म्हणणार, असं मी धरून चालले.

तेवढ्यात मामाने गरम चहाचा तिसरा घोट घेतला आणि तोंडातून 'टॉक्' असा आवाज आला. आईने डोळे मिटले.

"काय रे," मामा मुलाला म्हणाला, "तुझीही चिकटली का?"

मुलाने आईकडे पाहिलं. "शपथ घातलीय हिने. आधीची दोन स्थळं मी बोलून घालवली."

मग काय विचारता! दोघं असे सुटले की दोन्ही आया नुसत्या एकमेकींकडे बघत राहिल्या. निरोप घेतानाही ते दोघे दारात कुजबुजतच होते. लग्न ठरलं.

मामाने आहेरात ती डबी दिली. काल नवऱ्याची बडबड ऐकून माझं डोकं फिरलं, मी ताट आपटलं आणि डबी शोधायला लागले.

तो शांतपणे म्हणाला, "मामांनी सांगितलं होतं, तू ताटं आपटतेस म्हणून. त्याच दिवशी, दारात."

मी थबकले. "तरी हो म्हणालास?"

"हो. म्हणून तर सगळी स्टीलची घेतली."