कोकोवाल्यानं रंगवलेलं खळं

पाऊस आला की कोकोवाला बोलता बोलता उठायचा. सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कात आमच्या ऑफिसच्याच इमारतीत त्यानं भाड्यानं टेबल घेतलं होतं. समोर कितीही मोठं गिऱ्हाईक बसलेलं असो, काचेवर थेंब वाजले की हा दाराकडे! मग स्वतःशीच हसून परत बसायचा. घानात त्याच्या शेतावर कोकोच्या बिया उघड्यावर चटयांवर वाळत घालत. आभाळ आलं की मालकासकट सगळ्यांनी झाकायला धावायचं, ही तिथली रीत. "कॅमेरा नंतर, बिया आधी," असं तो म्हणायचा. कॅमेरा अशासाठी, की हा गृहस्थ सिनेमेही काढायचा. त्याच शेतात, त्याच मजुरांना घेऊन. सिंगापुरात तो कोको आणि सिनेमे दोन्ही विकायला आला होता, आणि दोन्ही खपत होते. मला तो पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपला.

त्याला कारण होतं. सासवडला आमची अंजिराची बाग आहे; बाबा आणि धाकटा सुधीर ती बघतात. बागेशेजारच्या खळ्यावर नाटकं करायची, हे माझं कॉलेजपासूनचं स्वप्न. इथल्या सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये बसून मी त्या स्वप्नाच्या स्लाइड्स सुधारत असतो. आमची लेक सई इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणते, "बाबा, युअर फार्म ऑल पॉवरपॉइंट, लाह!"

एकदा कोकोवाल्याला घरी जेवायला बोलावलं. त्यानं हातानं आमटीभात कालवला आणि आमच्या हिचा जीव त्याच्यावर जडला. मला दुसऱ्यांदा आमटी विचारायची तिची पद्धत नाही. त्याला मात्र आग्रह करकरून वाढत होती, वर "घ्या ना भाऊजी!" भाऊजी म्हणे!

मग मीच शहाणपणा मिरवायला स्लाइड्स काढल्या. त्यानं शेवटपर्यंत पाहिल्या.

"छान. तोडणी कधी असते?"

"उन्हाळ्यात."

"मग उन्हाळ्यातच करू. तोडणारेच नट."

"मला रजा नाही मिळणार."

"मग भावाचा नंबर दे."

हा कुठला जातोय सासवडला, असं मनात म्हणत मी नंबर दिला.

उन्हाळ्यात तो खरंच गेला. दिवसभर अंजिरं तोडली, संध्याकाळी खळ्यावर तालीम केली. शाळेच्या गॅदरिंगमध्ये ज्याला पडदा ओढायला ठेवायचे, तो सुधीर नायक झाला. बाबांनी लबाड अडत्या असा रंगवला की गावानं शिट्ट्या मारल्या. मी हे सगळं इथल्या मेट्रोत, एमआरटीत उभ्यानं, व्हिडिओ कॉलवर पाहिलं. बाबांना इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. आनंद व्हायला हवा होता. माझा नुसता जळफळाट झाला. रेंज नाही असं सांगून मी फोन बंद केला.

घानाला परतताना विमानतळावर त्यानं मला कडकडून मिठी मारली. "कल्पना तुझीच होती हं," म्हणाला. मनापासून म्हणाला, त्यामुळे जास्तच झोंबलं.

परवा बाबांचा फोन आला. इतकी वर्षं फोन ठेवताना ते विचारायचे, "तू कधी येतोयस?" या वेळी म्हणाले, "त्याला विचार रे, पुढच्या तोडणीला येतोय ना?"