आषाढातली रिकामी जागा

बोईसरच्या नव्या मंडईत मासे विकायला चारच ओटे का, हे मला आजवर कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी खरं सांगितलं नसतं. माझ्या बायकोलाही ते ठाऊक नाही. चूक माझी आहे, एवढं आधीच लिहून ठेवतो – म्हणजे पुढे लिहिताना मला ती दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येणार नाही.

मी तेव्हा बांधकामावर ओव्हरसियर होतो. तारापूरला वीजकेंद्र उभं राहत होतं आणि त्याच्याबरोबर सरकारचा पैसा बोईसरात यायला लागला होता. स्टेशनपासूनचा रस्ता रुंद करायचा, गटारं बांधायची, दिवे लावायचे, जुना बाजार उठवून पक्की मंडई उभी करायची. हे सगळं झालं, चांगलं झालं. आज संध्याकाळी त्या रस्त्यानं बायकामुलं निर्धास्त फिरतात. ते काम वाईट होतं असं मी म्हणत नाही. म्हणूनच तर इतकी वर्षं गप्प बसणं सोपं गेलं.

जुन्या बाजाराच्या टोकाला, भेंडीच्या डेरेदार झाडापासून विहिरीपर्यंत, किनाऱ्यावरच्या तीस-पस्तीस बायका मासे घेऊन बसत. कुणाच्या जागेला ना खूण, ना कागद. पण प्रत्येकीची जागा ठरलेली. लग्न होऊन आलेल्या सुनेला सासू पहिल्यांदा बाजारात आणायची, स्वतः जरा बाजूला सरकायची आणि तिला आपल्या जागेवर बसवायची. बस. त्या दिवसापासून ती जागा सुनेची. शेजारणीही मग तिला तिच्या सासूच्या नावानंच ओळखायच्या.

हे मला कसं ठाऊक? कारण विहिरीजवळची तिसरी जागा माझ्या काकीची होती.

आई गेल्यावर काकीनंच मला वाढवलं. त्या जागेवर बसून तिनं विकलेल्या बोंबलांवर मी शाळा शिकलो, पुढे ओव्हरसियरची परीक्षा दिली. आणि बोईसरात नोकरीला लागलो तेव्हा ऑफिसात काय सांगितलं? जवळच्याच माहीमचा आहे – बागायती वाड्यांचा, नारळी-पानमळ्यांचा माणूस. आमचं गाव तिथून पाच-सहा मैलांवर, किनाऱ्याला. तिथल्या मच्छीमाराचा मुलगा मी, हे तोंडातून निघालंच नाही. एकदा माहीमचा म्हटल्यावर मग रोजच माहीमचा राहावं लागलं. काकीला हे कळलं होतं. बाजारातून मी साहेबलोकांबरोबर जाताना दिसलो की ती पदर पुढे ओढून तोंड फिरवायची. माझी अडचण होऊ नये म्हणून! मी तिला तसं करायला कधी सांगितलं नव्हतं. करू नको, असंही सांगितलं नाही.

मंडईच्या जागेची पाहणी करायला मोठे साहेब आले ते आषाढात. घाटावरचे गृहस्थ. भला माणूस. आषाढात आमच्याकडे होड्या किनाऱ्यावर ओढून नारळाच्या झापांनी शाकारलेल्या असतात. दर्या बंद. मग बायका बाजारात कशाला येतील? त्या आतल्या गावांकडे भातलावणीला जातात, नाहीतर सुकी मासळी घेऊन दारोदार फिरतात. नारळी पुनवेला दर्याला नारळ दिला, होड्या पाण्यात गेल्या, की मग बाजार पुन्हा भरतो. किनाऱ्यावरच्या पोरासोरांना हे ठाऊक असतं. घाटावरच्या साहेबांना कसं असणार?

भेंडीपासून विहिरीपर्यंत नुसता चिखल होता. साहेब छत्री धरून उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, “इथं कोण बसतं?”

कंत्राटदार म्हणाला, “बेडूक बसतात, साहेब! पाहिजे तर त्यांनाही एक गाळा देऊ.”

सगळे हसले. मीही हसलो. साहेब हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, “तुम्ही इथल्या भागातले. खरं काय ते सांगा.”

खरं एका वाक्याचं होतं – साहेब, नारळी पुनवेनंतर या. पण त्यावर त्यांनी विचारलं असतं, तुम्हाला कसं ठाऊक? मग कंत्राटदारानं माझ्याकडे पाहिलं असतं. मग माहीम गेलं असतं.

मी म्हणालो, “कधीमधी चार बायका बसतात, साहेब.”

“मग चार ओटे घाला,” ते म्हणाले, आणि पुढे निघाले.

त्या रात्री मी स्वतःला समजावलं की मार्चअखेर काम झालं नाही तर पैसा परत जाईल, जागेचा वाद निघाला तर बोईसर तसंच चिखलात राहील. पटलंही. पण आणखी तीसेक ओटे घालायला असा किती वेळ लागला असता? पैसा परत जाण्याचा प्रश्नच नव्हता. मला लाज वाटत होती, एवढंच.

पुनवेनंतर बायका टोपल्या घेऊन आल्या तेव्हा तारेचं कुंपण उभं राहिलं होतं. रखवालदार ओरडत होता, “इधर नहीं बैठने का, बाई!” काकीबरोबर जानकी होती – तिच्या धाकट्या मुलाची नवी बायको. तिला जागेवर बसवायचा तो दिवस होता. हातात नवा हिरवा चुडा, डोक्यावर टोपली. मी कुंपणाच्या आत उभा होतो. काकीनं मला पाहिलं आणि सवयीनं तोंड फिरवलं.

दोन दिवसांनी ती माझ्या खोलीच्या मागच्या दारी आली. म्हणाली, “बाल्या, साहेबाला सांग ना तू. तो वरनं आलेला, त्याला दर्याचं काय ठावं?”

मी म्हणालो, “बघतो.”

मंडई झाली. ओटे ज्यांचे वशिले होते त्यांना मिळाले. काकी डोक्यावर टोपली घेऊन कुंभवलीपर्यंत दारोदार चालू लागली. जानकीला जागा मिळालीच नाही. ती बांधकामावर घमेली उचलायला गेली. मी तिला तिथं पाहिलं आहे. माझ्याच कामावर.

आणि काकी? ती गावभर सांगत राहिली, “आमच्या बाल्यानं लय सांगलं. पन साहेब नाय ऐकला.” गावात मला मान मिळायचा. लग्नकार्यात म्हातारे मला जवळ बसवून घ्यायचे. मी बसायचो.

गेल्या महिन्यात गावी गेलो. काकी आणि जानकी अंगणात बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत घालत होत्या. शेजाऱ्यांकडे परगावाहून पाहुणी आलेली एक म्हातारी तिथं बसली होती. काकीनं तिला कौतुकानं सांगायला घेतलं, “ह्यो आमचा बाल्या. बाजार उठवला ना, तवा ह्यानंच...”

मी तिला थांबवलं. उभ्या उभ्या सगळं सांगितलं – आषाढ, छत्री, चिखल, चार बायका. माहीमचंही.

काकीनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, “तुला ठावं होतं?”

“होतं.”

जानकीनं हातातले बोंबील खाली ठेवले. “दादा, चार तरी कशाला बोललाव? कोनीच नाय बसत, असाच सांगाचा ना.”

काकी तोंड फिरवेल असं वाटलं. या वेळी तिनं फिरवलं नाही. सरळ माझ्याकडे बघत राहिली.

मी म्हणालो, “काकी, साहेब ऐकला असता. मीच सांगितलं नाही. जानकी, तुझी जागा मी घालवली. माझं चुकलं.”