जांभळी बोटं
पोस्टात शिक्क्याच्या शाईचा वास आला की मला माणगावचा तो बाजार आठवतो. मिठाच्या सत्याग्रहाची पत्रकं आम्ही जांभळ्या शाईने लिहायचो आणि सरस-ग्लिसरीनच्या थिजलेल्या ताटावर उमटवून त्यांच्या प्रती काढायचो. दवंडीवाल्याला पोलीस अडवत, पत्रकं मात्र भाजीच्या पाटीतून गावोगाव जात. पण ती जांभळी शाई चार-चार दिवस बोटांवरून निघत नसे, आणि हे सरकारला कळलं. त्या दिवशी हवालदार बाजारात एकेकाचे तळहात तपासत आला, तेव्हा मी जांभळं विकणाऱ्या बाईपुढे उभा होतो. जांभळं घ्यायला पुढे केलेला हात मी झटकन खिशात घातला; पण माझी बोटं तिने पाहिली होती. हवालदाराने तिचंच मनगट धरलं. "पत्रकं तूच छापतेस ना?" "मना अक्षर येत न्हाय, दादा. जांभलं इकनारीचं हात काय दुधासारकं असतील?" लोक हसले, तसा तो चिडला आणि तिला चौकीकडे ओढू लागला. 'भिऊ नका' असं शंभर पत्रकांवर छापणारा मी खिशातला हात बाहेर काढला नाही. माझ्याकडे नुसतं बोट दाखवलं असतं तरी ती सुटली असती. तिने दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला सोडलं म्हणे. तिच्या वाडीवर जाऊन तिच्यापुढे उभं राहायची हिंमत मला अजून झालेली नाही.